कुडलच्या तुळईवरची ओळ

दरवर्षी २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाच्या दिवशी, मी वर्गात फळ्यावर एक ओळ लिहिते : 'वाछि तो विजेयां होइवा'. मुलं ती आधी अडखळत वाचतात, मग अर्थ विचारतात. 'जो वाचील तो विजयी होईल', असं मी सांगते. ओळ हजार वर्षांपूर्वीची आहे, आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या कुडलच्या देवळात दगडावर कोरलेली आहे, हेही सांगते. सोळा वर्षं सांगत आले. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा दुसऱ्या दिवशी वर्गात पुन्हा हाच विषय निघाला आणि मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "बाई, ते देऊळ आमच्या मामाच्या गावाजवळ आहे. तुम्ही बघून आलाव का?"

मी बघितलं नव्हतं. घरापासून जेमतेम चाळीस किलोमीटर. तुळजापूर, पंढरपूर, अक्कलकोट, गाणगापूर सगळं झालं होतं. जी ओळ मी मुलांना शिकवत होते, ती मात्र मी पुस्तकातल्या छापील अक्षरांत पाहिली होती, दगडावर कधीच नाही. तिला मी "नाही" एवढंच म्हणाले. ती खाली बसली. पण मला त्या दिवशी पुढचा धडा नीट घेता आला नाही.

जानेवारीत सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा संपत आली तशी मी दादाला म्हणाले, की या रविवारी कुडलला जाऊ. अप्पा आत बसून ऐकत होते. बाहेर येऊन म्हणाले, "मीबी येतो."

अप्पांबद्दल इथेच सांगायला हवं. आमचे अप्पा गिरणीत साचेवाले होते, म्हणजे माग चालवायचे. लहानपणी शाळा मिळाली नाही. तिशी ओलांडल्यावर रात्रीच्या वर्गाला जाऊन ते अक्षरं शिकले, आणि शिकले ते असे शिकले, की त्यानंतर रस्त्यावरची एक पाटी त्यांनी सोडली नाही. सायकलवरून मला शाळेत सोडताना दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचत जायचे. मला वाचनाची गोडी कुठून लागली, असं कुणी विचारलं तर मी पुस्तकांची नावं सांगत नाही. त्या पाट्यांचं सांगते.

जायच्या आधी आठ दिवस मी तयारी केली. शिलालेख म्हणजे भिंतीवरची पाटी नव्हे, नुसतं गेलं आणि वाचलं, असं होत नाही, हे मला ठाऊक होतं. जुन्या नागरीत काही अक्षरांची वळणं आजच्यापेक्षा वेगळी असतात. त्यात सगळ्यात जास्त फसवते ती पृष्ठमात्रा. आपण 'के' लिहिताना मात्रा डोक्यावर देतो. जुन्या लेखनात ती अनेकदा अक्षराच्या अलीकडे उभ्या दांडीसारखी दिलेली असते. ज्याला हे माहीत नाही तो तिला आधीच्या अक्षराचा काना समजतो आणि सगळा शब्द बदलून जातो. 'को' लिहायचं तर एक दांडी अलीकडे, एक पलीकडे. मी वहीच्या दोन पानांवर ही वळणं काढून घेतली, खाली लेखाचं छापील वाचन उतरवून घेतलं. ते वाचन हाताशी नसतं तर मला तिथे काहीच लागलं नसतं, हे आधीच कबूल करते. असे लेख पहिल्यांदा ज्यांनी वाचले, त्यांच्या डोळ्यांना आणि चिकाटीला माझा नमस्कार आहे. सोलापूरचे आनंद कुंभार यांनी जिल्ह्यातले शिलालेख शोधण्यात, वाचण्यात आपलं आयुष्य घातलं. ते काम कुणीतरी करून ठेवलं होतं म्हणून माझ्यासारखीला वही घेऊन निघता आलं.

सकाळी आठला निघालो. विजापूर रोडनं सैफुल, सोरेगाव मागे पडलं आणि वडकबाळला सीनेचा पूल आला. अप्पा म्हणाले, थांब जरा. पाणी संथ होतं, कडेला बगळे. हीच सीना पुढे कुडलला भीमेला मिळते. म्हणजे आम्ही तिला इथे ओलांडत होतो आणि तासाभरानं पुन्हा भेटणार होतो. पुढे तेरामैल, मंद्रूपचा भाग, नांदणी. दोन्ही बाजूंना काळी रानं आणि त्यांत शाळू. ज्यांनी जानेवारीतली दक्षिण सोलापूरची ज्वारी पाहिली नाही त्यांना हे सांगून कळायचं नाही. डोंगर नाही, झाडीसुद्धा बेताची, पण नजर पोहोचेल तिथपर्यंत हिरवी-पिवळी कणसं एका उंचीवर डुलत असतात आणि वर अख्खंच्या अख्खं आभाळ. मध्येच उसाचा पट्टा, मध्येच तुरीच्या वाळलेल्या ओळी. हुरड्याचे दिवस होते. एका बांधावर आगटी पेटलेली दिसली, धुराचा वास गाडीत आला.

टाकळीपाशी अप्पांनी दादाला विचारलं, "आपल्या नळाला पाणी इथनंच येतंय न्हवं?" खरं आहे. उजनीतून भीमेत सोडलेलं पाणी टाकळीहून उचलून सोलापूरला येतं. तीच भीमा पंढरपूरला चंद्रभागा म्हणवून घेते. आम्ही नळाखाली घागर लावून जिची वाट बघतो, त्या नदीकाठानं आम्ही चाललो होतो.

टाकळीनंतर हमरस्ता सोडून बरूरकडे वळायचं. इथे फोनवरच्या नकाशानं आम्हाला एका उसाच्या फडात नेऊन सोडलं. पुढे रस्ताच नाही, मागे उसानं भरलेला ट्रॅक्टर. अर्धा तास त्यात गेला. शेवटी ट्रॅक्टरवाल्यानंच गाडी मागे घ्यायला मदत केली आणि हातानं दिशा दाखवली. त्याला मराठी कळत होतं, पण बोलला कन्नडमध्ये. अप्पांनी कन्नडमध्येच उत्तर दिलं. गिरणीत त्यांच्या साच्याच्या एका बाजूला कन्नड बोलणारा आणि दुसऱ्या बाजूला तेलुगू बोलणारा होता. तिन्ही भाषा येत नाहीत असा जुना गिरणी कामगार सोलापुरात सापडणं अवघड.

वाटेत अप्पांनीच मला एक गोष्ट सांगितली, जी मी पुस्तकात वाचली असूनही लक्षात घेतली नव्हती. कन्नडमध्ये 'कूडु' म्हणजे मिळणं, एकत्र येणं. 'कूडल' म्हणजे जिथे नद्या मिळतात ती जागा. म्हणजे आपण 'कुडल संगम' म्हणतो तेव्हा एकच गोष्ट दोन भाषांत लागोपाठ म्हणतो. बसवेश्वरांचं कूडलसंगम वेगळं, ते कृष्णा आणि मलप्रभेच्या संगमावर, कर्नाटकात. पण नाव त्याच रीतीनं पडलेलं. मराठीची एवढी जुनी ओळ ज्या गावात सापडावी, त्या गावाचं नावच कन्नड असावं, हे मला फार जवळचं वाटलं. आमच्या गल्लीत अजूनही असंच आहे.

देवळापाशी पोहोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. हत्तरसंग आणि कुडल ही दोन गावं एका दमात घेतली जातात. देवळं मात्र वस्तीपासून जरा बाजूला, नदीच्या अंगाला आहेत. झाडांची सावली, दगडी आवार, आणि पलीकडे उतारावर दोन नद्यांचं पाणी. भीमा रुंद, सीना तिच्यापुढे लहान. संगमापाशी उभं राहिलं की पाण्याचे दोन रंग दिसतील असं मला उगाच वाटत होतं. तसं काही नव्हतं. पाणी पाण्यात मिसळून गेलेलं होतं. पलीकडचा काठ कर्नाटकाचा.

इथे दोन देवळं आहेत, संगमेश्वर आणि हरिहरेश्वर. आवारात एक गृहस्थ दुसऱ्याला सांगत होते की हे हेमाडपंती बांधकाम आहे. काळा दगड, चुन्याशिवाय बसवलेले चिरे दिसले की आपण सगळेच तसं म्हणतो. पण हेमाद्री पंडित तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांकडे होते, आणि इथल्या तुळईवरचं शक ९४० आहे, म्हणजे इसवी सन १०१८. मधे अडीचशे वर्षं आहेत. त्या वेळी या मुलखावर चालुक्यांचं राज्य होतं, दुसरा जयसिंह गादीवर होता. ज्ञानेश्वरी लिहिली गेली १२९० साली, म्हणजे तीही पुढची. मी त्या गृहस्थांना हे सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि बोटांवर वर्षं मोजून पाहिली.

हरिहरेश्वर आधी पाहिलं. हे देऊळ कित्येक वर्षं मातीच्या ढिगाखाली होतं. उत्खननातून ते बाहेर आलं. एक गाभारा हरीचा, एक हराचा. पुढे स्वर्गमंडप आहे, म्हणजे वर मधोमध छत न घालता आभाळाला मोकळी ठेवलेली जागा. खिद्रापूरचा कोपेश्वर ज्यांनी पाहिलाय त्यांना लगेच कळेल. त्या मोकळ्या जागेतून ऊन खाली फरशीवर पडलं होतं आणि अप्पा त्याच्या कडेनं, उन्हावर पाय न देता, फिरून गेले.

मग ते बहुमुखी शिवलिंग. उत्खननाच्या वेळी मिळालेलं. उंची सुमारे दोन मीटर, वजन साडेचार टन सांगतात. सगळ्या अंगावर ओळींनी कोरलेली लहान लहान शिवमुखं, ३५९. मूळ लिंग धरून ३६०. एकदा अभिषेक केला की ३६० लिंगांना पोचतो, असं पुजाऱ्यांनी सांगितलं. मी आणि दादानं मोजायला घेतलं आणि दुसऱ्याच ओळीत दोघांचे आकडे वेगळे यायला लागले. मोजणं सोडून मी चेहरे पाहत राहिले. काहींची नाकं झिजली आहेत. पण जे शाबूत आहेत ते एकासारखे एक नाहीत. कारागिराला तीनशे एकोणसाठ वेळा तेच काम करायचं होतं आणि तरी तो दर वेळी नवा चेहरा करत गेला. अशा माणसाचं नाव आपल्यापाशी नाही.

पण मी आले होते संगमेश्वरात, तुळईखाली उभं राहायला.

आत गेल्यावर पहिल्यांदा मला काहीच दिसलं नाही. बाहेरच्या उन्हातून आत आलं की तसंच होतं. पुजाऱ्यांनी वर बोट केलं. तुळई काळी, आणि तिच्यावर जे होतं ते अक्षरांपेक्षा ओरखड्यांसारखं वाटत होतं. मी फोनचा उजेड सरळ वर मारला. दगड आणखीच सपाट झाला. मनात चरकले. इतकी वर्षं शिकवतेय आणि समोर आल्यावर एक अक्षर दिसू नये.

मग वाचून आलेली रीत आठवली. कोरीव अक्षर समोरच्या उजेडात दिसत नाही. उजेड कडेनं, दगडाला जवळजवळ चिकटून सोडावा लागतो. मग प्रत्येक खाचेत तिची स्वतःची सावली पडते आणि त्या सावल्या अक्षरं होऊन उठतात. दादानं गाडीतली लांब बॅटरी आणली. पुजाऱ्यांना विचारून त्यांच्याकडची एक काठी घेतली, बॅटरी रुमालानं टोकाला बांधली. काठी धरायला अप्पा पुढे झाले. मी म्हणाले, "अप्पा, तुम्ही बसा, हात भरून येईल." ते म्हणाले, "साच्यावर आठ आठ तास उभा ऱ्हायलोय."

त्यांनी काठी तुळईच्या एका बाजूला नेली, थोडी खाली, थोडी वर. आणि एका जागी आल्यावर दगडावर अक्षरं उभी राहिली. हे मी अगदी जसं घडलं तसं सांगते आहे : आधी नव्हती आणि मग होती.

आता वाचायचं. आधी सगळा लेख एकदम वाचायचा प्रयत्न केला आणि गोंधळले. मग ओळखीचं काय दिसतं तेवढंच शोधायचं ठरवलं. वहीतलं छापील वाचन एका हातात, नजर वर. एक 'व' मिळाला, त्याच्या पुढचा काना मिळाला. तिथून मागे-पुढे सरकत गेले. एक अक्षर, मग वहीत पाहायचं, मग पुन्हा वर. मान दुखायला लागली की खाली बसायचं. दादानं फोटो काढले, पण फोटोत वाचण्यापेक्षा डोळ्यांनीच बरं कळत होतं, कारण अप्पा काठी जरा हलवायचे आणि सावली सरकली की एखादी रेघ कोरलेली आहे की दगड उडालेला आहे, याचा उलगडा व्हायचा. पुजाऱ्यांनी एकदा विचारलं, "पाणी मारू का, की खडू देऊ? उठून दिसेल." त्यांचा हेतू चांगला होता. मी नको म्हणाले. खडू, तेल, कुंकू, रंग यांतलं काहीही शिलालेखाला लावू नये. खाचा बुजतात आणि पुढच्या वाचणाऱ्याला आपण घासलेलंच दिसतं. अभ्यासक ओला कागद बसवून शाईनं ठसा घेतात, पण तो जाणत्यांनी, परवानगी काढूनच घ्यायचा. पुजाऱ्यांना ते लगेच पटलं. म्हणाले, आता दुसऱ्यांनाही सांगतो.

पाऊण तासानं ती ओळ मला सलग लागली.

वाछि. आपण 'वाची' म्हणू. कोरणाऱ्यानं 'छ' घातला आहे. तो. हा 'तो' हजार वर्षांत तसूभरही बदललेला नाही. आजही आपण तोच 'तो' वापरतो. विजेयां. होइवा.

मराठीतला पहिला शिलालेख कोणता, यावर पुष्कळ वाद आहेत. श्रवणबेळगोळचं 'श्रीचावुण्डराजें करवियलें' आपण सगळे पाठ करून मोठे झालो. अलिबागजवळच्या अक्षीच्या लेखाचा शक डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी ९३४ वाचला, म्हणजे कुडलच्या आधी सहा वर्षं. इतर काही अभ्यासक तो पुष्कळ नंतरचा मानतात. या वादात बोलण्याइतका माझा अधिकार नाही, आणि तुळईखाली उभं असताना मला त्याचं काही वाटलंही नाही. मला वेगळीच गोष्ट दिसली. श्रवणबेळगोळची ओळ सांगते की हे काम कुणी करवून घेतलं. मुंबईतल्या परळच्या लेखाच्या शेवटी गधेगाळ आहे : दान मोडणाऱ्याला, त्याच्या आईवरून दिलेली जबर शिवी. दगडावरच्या जुन्या मराठीत असे शाप खूप आहेत. राजाचं नाव, दानाचा आकडा, आणि मोडशील तर तुझं वाईट होईल. कुडलची ओळ शाप देत नाही. ती वाचणाऱ्याशी बोलते. जो कोणी इथे येईल, मान वर करेल, ही अक्षरं लावील, त्याचं भलं होवो, असं ती म्हणते. तो राजा असावा, पंडित असावा, अमक्या कुळातला असावा, अशी कसलीही अट त्या ओळीत नाही. वाचणं, एवढंच. त्या काळी वाचता किती जणांना येत असेल, आणि कुणाला येऊ दिलं जात असेल, याचा विचार केला की या ओळीचं मोठेपण मला अजून वाढलेलं दिसतं. सोळा वर्षं मी हिचा अर्थ सांगत होते, पण ती कुणाला उद्देशून आहे हे मी कधी शिकवलंच नव्हतं.

अप्पांनी काठी दादाच्या हातात दिली. चष्मा पुसला. म्हणाले, "आता मी बघतो." मी वही पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही, फक्त म्हणाले, "कुठनं सुरू हाय तेवढं दाखव." मी बोटानं दाखवलं. अप्पा पाट्या वाचायचे तसेच वाचू लागले, एक एक अक्षर, मोठ्यानं, मधे थांबून. वा. छि. मग बराच वेळ काही नाही. दादानं उजेड जरा खाली घेतला. तो. विजेयां त्यांना लागलं नाही, ते मी सांगितलं. ते त्यांनी दोनदा म्हटलं. होइवा त्यांनी स्वतः वाचलं. मग संबंध ओळ पुन्हा, या वेळी न थांबता. देवळात दुसरं कुणी बोलत नव्हतं.

"म्हंजे काय, सांगितलंस तू मघाशी," ते म्हणाले, "वाचील त्यो जिंकंल."

"होय अप्पा."

ते काही बोलले नाहीत. खांबाला टेकून खाली बसले आणि बराच वेळ वर पाहत राहिले.

बारा-साडेबाराला आम्ही आवारातल्या झाडाखाली डबा उघडला. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही. पुजाऱ्यांनी घरून ताक आणून दिलं, "बर्री, बर्री", म्हणजे या, या, म्हणत स्वतःही बसले. त्यांच्याबरोबर शेजारचा एक मुलगा आला होता, पाचवीतला. गावातल्या कन्नड शाळेत जातो, मराठी एक विषय म्हणून आहे. आम्ही काठीला बॅटरी बांधून देवळात काय करतोय, हे तो मघापासून दारातून बघत होता. जन्मापासून या आवारात खेळतोय, पण तुळईकडे कधी बघितलं नाही, असं म्हणाला.

अप्पांनी हात धुतले. बॅटरी अजून काठीलाच होती. "चल," ते त्याला म्हणाले, आणि दोघं आत गेले. मी मागोमाग गेले आणि दारातच थांबले. अप्पांनी उजेड कडेनं सोडला. मुलगा मान उंचावून बघत होता, काहीच दिसत नाही म्हणाला. अप्पांनी काठी इंचभर सरकवली.

"थांब," ते म्हणाले, "घाई न्हाई करायची. वळखीचं एक अक्षर हुडक."

मुलगा पंजांवर उभा राहिला. ओठ हलत होते.

"तो," तो म्हणाला.